मार्गारिताबाईंचा शेवटचा अध्याय

अमेरिकेहून परतल्यावर पहिले पंधरा दिवस भेटेल तो एकच विचारत होता, नायगारा पाहिला का. मी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. तीन महिने मुलीकडे राहून बाईने पाहिलं तरी काय, असा तो चेहरा. मग मी सांगायची, की फ्लोरिडातल्या एका लहान गावात जाऊन मी एका म्हाताऱ्या लेखिकेला भेटून आले. ती कोण, कशासाठी, हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आता बसून लिहिते आहे.

मी पुण्यात सव्वीस वर्षं स्पॅनिश शिकवलं. शिकायला लागले ती निव्वळ वेळ घालवायला. माझा नवरा मनोहर मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. एकदा गेला की नऊ-दहा महिने यायचा नाही. संध्याकाळ मोठी व्हायची, म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. एका खेपेला बार्सिलोनाहून त्याने एक कादंबरी आणली. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मुखपृष्ठावर बंदर होतं म्हणून उचललेली. ‘जहाजसुताराची बायको’ असं तिचं नाव, आणि लेखिका मार्गारिता बेनिसार्दा.

मार्गारिताबाई ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या. स्पेनच्या पूर्वेला मेनोर्का नावाचं बेट आहे, तिथल्या त्या. सव्विसाव्या वर्षी अमेरिकेत आल्या, थंडीच्या मुलखातल्या एका मुलींच्या कॉलेजात स्पॅनिश शिकवत राहिल्या, आणि तिथे बसून त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या, पाचही स्पेनच्या जुन्या काळावर. एक राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या बायकांवर, एक नकाशे काढणाऱ्या जोगिणीवर, एक धर्मामुळे गाव सोडावं लागलेल्या मुसलमान शेतकऱ्यांवर. राजे त्यांच्या पुस्तकांत दारातून ये-जा करतात, बसतात ती साधी माणसं. पाचवी मेनोर्काच्या लोकांवर. त्यांना अडीचशे वर्षांपूर्वी निळीच्या मळ्यात राबायला फ्लोरिडात आणलं होतं. ती लिहून झाल्यावर बाईंनी लिहिणं थांबवलं.

पहिली कादंबरी, मनोहरने आणलेली, मला सगळ्यांत प्रिय. सात वर्षं समुद्रावर गेलेल्या जहाजसुताराची बायको रोज बंदरावर जाते, एवढीच गोष्ट. शेवटच्या अध्यायात तो परत येतो. त्या अध्यायासाठी मी ते पुस्तक मराठीत आणलं. निवृत्तीनंतर चार वर्षं लागली. पुण्याचे प्रकाशक छापायला तयार झाले, पण लेखिकेची लेखी परवानगी हवी म्हणाले. बार्सिलोनाची प्रकाशन संस्था केव्हाच बंद पडली होती. तिथे पाठवलेली माझी दोन्ही पत्रं शिक्के घेऊन परत आली.

अल्फारेटा

माझी मुलगी केतकी अल्फारेटाला राहते, अटलांटाच्या उत्तरेला. सारख्या दिसणाऱ्या घरांची वसाहत, प्रत्येक घरापुढे कातरलेलं गवत, आणि तीन घरं सोडून चौथं आपल्या माणसांचं. तिचा नवरा निखिल नागपूरचा. दोघं सॉफ्टवेअरमध्ये. नात सई अकरा वर्षांची. दोन वर्षांची असताना तिकडे गेली, त्यामुळे मराठी तिला कळतं सगळं, बोलते मात्र इंग्रजी. मी विचारायचं, सई, जेवलीस का. तिने म्हणायचं, “आय ॲम गुड, आजी.” आणि जिना चढून जायचं.

ऑक्टोबर दोन हजार सहा. एकदा ती स्वयंपाकघरात गृहपाठ करत होती. मी भाजी चिरता चिरता डोकावले तर स्पॅनिश. एका वाक्यात क्रियापद चुकलं होतं, ते मी सांगितलं. तिने मान वर केली आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, की आजी, तुला हे येतं? मी तिच्याशी त्याच भाषेत बोलायला लागले. तिची जिवलग मैत्रीण मेक्सिकन घरातली, त्यामुळे सईचं स्पॅनिश जिभेवर खेळणारं, माझं पुस्तकातलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यापाशी तासभर बसली. केतकी ऑफिसातून आली, तर आम्ही दोघी परक्या भाषेत हसत होतो. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून थोडा वेळ दारात उभी राहिली.

तिच्या आणि माझ्यामध्ये एक गोष्ट न बोललेली होती, ती इथेच सांगते. चार वर्षांपूर्वी मनोहर गेला तेव्हा केतकी येऊ शकली नव्हती. त्याच सुमारास तिची नोकरी सुटली होती, नव्या कंपनीकडे व्हिसाचे कागद अडकले होते. देशाबाहेर गेलं तर परत येता येईल की नाही, कोणी खात्रीने सांगत नव्हतं. मीच फोनवर येऊ नकोस म्हटलं. तिने ऐकलं. पुढे कागद झाले, ग्रीन कार्ड आलं, पण तिचं येणं दरवर्षी काहीतरी निघून पुढे जात राहिलं. दर रविवारी आम्ही भाजीपासून हवेपर्यंत सगळं बोलायचो. त्या दिवसाचं नाव कोणी काढत नव्हतं.

मार्गारिताबाईंचा पत्ता सईने शोधला. मी पुस्तकाबद्दल सांगितल्यावर ती कॉम्प्युटरपाशी बसली आणि दहा मिनिटांत हाक मारली. सेंट ऑगस्टीन या गावच्या वाचनालयाच्या पानावर छोटी सूचना होती: दर गुरुवारी दुपारी चार वाजता स्पॅनिश संभाषण, चालवणार एम. बेनिसार्दा. मी वाचनालयाला फोन केला, तिथल्यांनी बाईंना विचारून त्यांचा नंबर दिला. फोनवरचा आवाज जड आणि संथ होता. मी कोण, कुठून आले, पुस्तकाचं काय केलं, हे सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, गुरुवारी चारला या, सगळे येतात तशा.

निखिलच्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात बाहेर पडायचं होतं, त्याला निघता येईना. केतकीने तीन दिवस रजा काढली. मला नवल वाटलं, कारण मी मागितली नव्हती.

कापसाच्या वाटेने

बुधवारी सकाळी निघालो. केतकी चालवायला, सई तिच्याशेजारी इंटरनेटवरून छापून काढलेला रस्ता मांडीवर घेऊन, मी मागे, अनुवादाची फाइल, धपाटे आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली यांच्या सोबतीला. मेकन गावापाशी सईने एक वळण उशिरा सांगितलं आणि आम्ही वीस मैल भलतीकडे गेलो. माय-लेकींचं इंग्रजीत वाजलं. मी मध्ये पडले नाही.

चुकलेल्या रस्त्याचा फायदा असा, की हायवे सुटला आणि गावं दिसली. रस्त्याकडेला एका माणसाने मोठ्या पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. आम्ही थांबलो. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, साल मऊ पडलेल्या, आत गरम पाणी धरलेल्या शेंगा, अगदी आपल्याकडे खातो तशा. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही अशाच करतात. तो म्हणाला, नाही मॅडम, ह्या फक्त जॉर्जियात मिळतात. मी वाद घातला नाही, अजून एक पुडा घेतला.

पुढे पूर्वेला वळल्यावर दोन्ही बाजूंना कापूस. फुटलेल्या बोंडांची शेतंच्या शेतं, क्षितिजापर्यंत पांढरी, आणि वेचायला एकही माणूस नाही. लांब कुठेतरी एक यंत्र चालत होतं. केतकीने निखिलला फोन लावून वर्णन सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, यार, फोटो काढून ठेव, आईला पाठवतो.

सवाना शहराच्या पुढे झाडं बदलली. मोठमोठे ओक, आणि त्यांच्या फांद्यांवरून पिकलेल्या केसांच्या जटांसारखं लोंबणारं काहीतरी. सईने सांगितलं, याला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही.

संध्याकाळी मोटेलवर पिशवी उघडली तर लोणच्याच्या बाटलीचं झाकण सैल झालेलं. तेल फाइलमध्ये उतरलं होतं. अनुवाद प्लॅस्टिकमुळे वाचला, परवानगीचा छापील कागद मात्र अर्धा पिवळा झाला होता. सईने टिपकागदाने टिपला, केतकीने हेअर ड्रायर फिरवला, आणि खोलीला आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघराचा वास आला.

वाचनालयातला गुरुवार

सेंट ऑगस्टीन हे गाव स्पेनच्या लोकांनी वसवलेलं, अमेरिकेतल्या सगळ्यांत जुन्या गावांपैकी. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, आणि खाडीच्या तोंडाशी एक किल्ला. किल्ल्याचा दगड मी हात लावून पाहिला. तो दगड नव्हेच, समुद्राने दाबून एकजीव केलेले लाखो शिंपले. तोफेचा गोळा लागला की भिंत फुटायची नाही, गोळा आत रुतून बसायचा, असं तिथला वाटाड्या सांगत होता. मी चाळीस वर्षं स्पेन मनात बाळगलं आणि स्पेनला कधी गेले नाही. मनोहरच्या निवृत्तीनंतर जाऊ म्हणत राहिलो. त्या तटावर उभी असताना वाटलं, स्पेन माझ्या वाट्याला आलं ते असं, अमेरिकेत, शिंपल्यांचं.

तास सुरू होता होता वाचनालयात पोचलो. मार्गारिताबाई टेबलाच्या टोकाला बसलेल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, रुंद खांदे, आखूड कापलेले पांढरे केस, काठी खुर्चीला टेकवलेली. सहा-सात निवृत्त अमेरिकन मंडळी बाजारहाटाची वाक्यं म्हणत होती. आम्हाला पाहून बाईंनी नुसती मान हलवली आणि रिकाम्या खुर्च्या दाखवल्या. माझी पाळी आली तेव्हा मला विचारलं, तुमच्या घराच्या खिडकीतून काय दिसतं? मी शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून सांगितलं, की समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी, खाली बुचाचं झाड, आणि फाटकापाशी टपालाच्या पेट्या. त्यांनी एका क्रियापदाचा काळ दुरुस्त केला. सईला विचारलं तेव्हा ती मेक्सिकन ढंगात भराभरा बोलली. त्या पहिल्यांदा हसल्या.

सई माझ्या कानाशी लागली, “शी इज सो स्ट्रिक्ट, आजी. आय लाइक हर.”

तास संपल्यावर त्यांनी उद्या सकाळी घरी यायला सांगितलं, तिघींनी.

शुक्रवार सकाळ

घर बैठं, मागे अंगण, अंगणात एक अंजीर आणि मिरचीची दोन रोपं. गावातले मेनोर्काचे वंशज ही मिरची पिढ्यान्‌पिढ्या लावतात, असं त्यांनी सांगितलं. मिरची पिवळी, आखूड, दिसायला गरीब. त्यांनी आमच्यापुढे करंजीसारखी वस्तू ठेवली, आत चीज. शेजारच्या बाईने केलेली. तिचे पूर्वज निळीच्या मळ्यातून पळून या गावात आले होते. तिला आता त्या बेटाची भाषा येत नाही, फक्त ही करंजी येते. मार्गारिताबाईंनी शेवटच्या कादंबरीच्या अभ्यासासाठी इथे चार महिने म्हणून खोली घेतली होती, आणि त्याला वीस वर्षं झाली.

मी संकोचत परवानगीचा कागद पुढे केला. त्यांनी तो उचलून वास घेतला. काय आहे हे? मी लोणच्याचं सांगितलं. त्यांना चव बघायची होती. मी बाटली आणलीच होती. त्यांनी फोडीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या की आमची मिरची याच्या जवळ येते पण याला वय आहे.

मग कागद खाली ठेवला आणि सरळ सांगितलं. शेवटचा अध्याय काढून टाकत असाल तर सही करते.

मला कळलं नाही, मी पुन्हा विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. एखादी जुनी गोष्ट कितव्यांदा तरी सांगावी तशा सांगत होत्या. केतकीला स्पॅनिश येत नाही, म्हणून सई तिच्या शेजारी सरकून बसली आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगत गेली.

बाईंचे वडील खरेच बोटीवर होते. त्या नऊ वर्षांच्या असताना स्पेनमधलं यादवी युद्ध संपलं, हरलेल्या बाजूची माणसं मिळेल त्या बोटीने निघून गेली, त्यांत तेही गेले. एक चिठ्ठीसुद्धा आली नाही. आई चपलांच्या कारखान्याचं कातडं घरी आणून शिवायची आणि संध्याकाळी बंदरावर जायची. ती फक्त बेटाची बोली बोलायची. शाळेत मुलीला ती बोली बोलल्याबद्दल छड्या बसत, तिथे कास्तिलची स्पॅनिशच चालायची. मार्गारिताबाई त्याच भाषेत लेखिका झाल्या. आईला तर कुठलीच अक्षरं येत नव्हती.

“पहिलं पुस्तक मी तिला पोस्टाने पाठवलं,” त्या म्हणाल्या. “शेजारणीने वाचून दाखवलं म्हणे, अर्थ सांगत सांगत. शेवटी बोट येते. तो परत येतो. शेजारणीने मला लिहिलं, की ते ऐकल्यावर तुझी आई उठली आणि जेवायला वाढायला लागली. त्यानंतर तिने मला कधी निरोप पाठवला नाही. मी अमेरिकेत बसून तिच्या आयुष्याला शेवट लावला होता, आणि तो खोटा होता. मी परत गेले नाही. आधी रागाने, मग भीतीने, मग ती राहिली नाही.”

अंजिराच्या पानांत चिमण्या बोलत होत्या. मी फाइल मिटायला घेतली होती. तो अध्याय काढला तर माझ्या हातात राहतं काय, हा विचार करत होते, आणि त्यांच्या दुःखापुढे माझं पुस्तक हट्टाने मांडावं का, हाही. मग मी ठरवलं की हट्ट नको, जे घडलं तेवढं सांगायचं.

मी म्हटलं, दोन्या मार्गारिता, माझा नवरा परत आला. एकदा नाही, अकरा वेळा. (दोन्या म्हणजे आपल्याकडच्या ‘बाईं’सारखं.)

त्यांनी काठीवरचा हात काढला.

त्यांच्या अध्यायात जहाजसुतार घरी येतो तेव्हा बायको त्याला ओळखते, पण तिला त्याची भीती वाटते. तो भिंतीला पाठ लावून उभ्यानेच जेवतो. रात्री तो झोपलेला असताना ती त्याचा श्वास मोजते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात झोपलेला असताना ती सवयीने बंदरावर जाते आणि बोटीची वाट बघत उभी राहते. तिथेच कादंबरी संपते.

“मनोहर घरी असायचा,” मी म्हटलं, “आतल्या खोलीत झोपलेला असायचा. आणि अकरा वाजता पोस्टमन यायच्या वेळेला मी गॅलरीत जाऊन त्याच्या पत्राची वाट बघायची. प्रत्येक वेळी. आठ-आठ दिवस. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण लोकांना वाटलं असतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तुमचं पुस्तक वाचलं. तुम्ही नवरा परत आलेला पाहिला नाहीत, तुमच्या आईनेही नाही. तरी तुम्ही ते बरोबर लिहिलंत. ते खोटं नाही. माझ्या घरी झालेलं आहे.”

सईचा कुजबुजता आवाज थांबला होता. मी पाहिलं तर केतकी माझ्याकडे बघत होती. माझा संसार स्पॅनिशमधून निघून, इंग्रजीत जाऊन, माझ्या मुलीपर्यंत पोचत होता. आयुष्यभर मराठीत एका घरात राहून तो पोचला नव्हता.

मार्गारिताबाईंनी विचारलं, “तो घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय बोलायचा?”

“काही नाही. घरातले नळ तपासायचा. कुठला गळतोय का बघायचा आणि दुरुस्त करायचा.”

“आणि आता?”

“चार वर्षांपूर्वी गेला. आता मी अकरा वाजता गॅलरीत जात नाही.”

त्या म्हणाल्या, तो अध्याय तुमच्या भाषेत वाचा. मी वाचला. त्यांना एक शब्दही कळत नव्हता. माणसांची आणि बंदराची नावं आली की मान हलायची, तेवढंच. शेवटच्या परिच्छेदाला माझा आवाज जरा डगमगला, तिथे त्या पुढे झुकल्या. वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं.

कागदाच्या तेलकट भागावर पेन उठेना, तेव्हा कोरड्या कोपऱ्यात सही केली. मग वेगळा कागद घेऊन त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि सांगितलं की ही अर्पणपत्रिका, मराठी पुस्तकात पहिल्या पानावर घाला, आहे तशी, खाली तुमचं भाषांतर. ती स्पॅनिश नव्हती. बेटाच्या बोलीत होती. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी त्या बोलीत छापण्यासाठी काही लिहिलं होतं, आणि स्पेलिंगबद्दल खात्री नाही असं म्हणाल्या. अर्थ मला समजावून सांगितला: आईला, जिला हेही वाचता आलं नसतं.

निघताना सईला त्यांनी पिवळ्या मिरच्या दिल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मला नाही, केतकीला काहीतरी म्हणाल्या. सईने इंग्रजीत सांगितलं ते असं, की आईला एकदा सगळं विचारून घे, माझं राहिलं.

परतीचा रस्ता

पुस्तक आता छपाईला गेलं आहे. अर्पणपत्रिका आहे तशी घातली आहे. प्रकाशकांना ती ओळ जरा विचित्र वाटली, मी बदलू दिली नाही. पहिली प्रत फ्लोरिडाला जाईल. बाई ती हातात घेतील आणि त्यांना एक अक्षर कळणार नाही. तरीही पाठवायची आहे.

पण प्रवास तिथे संपला नव्हता. शनिवारी सकाळी आम्ही उत्तरेला निघालो. सई मागे माझ्याजवळ बसली. तिला आजोबांबद्दल विचारायचं होतं, आणि स्पॅनिशमध्येच विचारत होती. ते उंच होते का, त्यांना पोहता यायचं का, ते परत आले की माझी आई काय करायची. मी सांगत होते. केतकी तीन वर्षांची असताना मनोहर दहा महिन्यांनी आला, तिला उचलायला वाकला, तर ती दाराआड गेली आणि तिथून त्याला काका म्हणाली. मनोहर हसला, आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. हे सांगताना ‘काका’ हा एकच शब्द मराठी होता.

केतकीने आरशातून पाहिलं. “आई, काय चाललंय तुमचं? काका काय?”

मी मराठीत सांगितलं. चार-पाच मैल गेले असतील. मग तिने गाडी बाजूला वळवली. विश्रांतीसाठी केलेली जागा होती, झाडाखाली लाकडी बाकं, ट्रकवाले पाय मोकळे करत होते. तिने इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच होते.

“मी त्यांना गेलेलं पाहिलंच नाही ना,” ती म्हणाली. “मला ते खरंच वाटत नाही, आई. मला अजून वाटतं बाबा बोटीवर आहेत. म्हणून मी पुण्याला येत नव्हते. आले असते तर घरात नसलेले दिसले असते.”

मी चार वर्षं समजत होते, की तिला सवड झाली नाही. मनात कुठेतरी त्याचा सलही धरला होता. तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो खांदा लहानपणी तापात असायचा तसा तापलेला. सईने आमच्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि आईच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

केतकीने तिचा हात धरला. “सईला मराठी कळतं,” ती म्हणाली. “तू मराठीतच सांग. त्या दिवशी काय झालं. सकाळपासून सगळं. त्यांनी काय घातलं होतं, काय बोलले, सगळं. मला पोचायची घाई नाही.”

अल्फारेटा अजून पाच तासांवर होतं. ती गाडी सुरू करेपर्यंत मी थांबले, आणि मनोहर त्या सकाळी साडेसहाला उठला आणि त्याने स्वतःच चहा टाकला, तिथून सांगायला लागले.